शेवटची दहा मिनिटं

मी पहिल्यांदा पोहण्याच्या तलावाचं पाणी प्यायले तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. ठसका लागला, नाकातोंडातून पाणी आलं. काठाची पट्टी घट्ट धरून मी डोळे पुसत होते. वर उभा असलेला माणूस हात पाठीमागे बांधून म्हणाला, "तोंडातून गेलं ना? बरं झालं. नाकातून गेलं की जास्त झोंबतं. ते उद्या." मला इतका संताप आला, की केवळ त्या माणसाला खोटं पाडायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पाणी नाकातून गेलं आणि खरंच जास्त झोंबलं.

ते केंजळे डॉक्टर. भवानीनगरला रस्त्याच्या कडेला त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. मी तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि राहायला बारामतीत होते. कंबर धरली म्हणून त्यांच्याकडे गेले. बाकीचे डॉक्टर विचारतात, काय होतंय? हे आधी विचारत, "पोहता येतं का?" समोर तापानं फणफणलेला ट्रॅक्टरवाला असो, सात महिन्यांची गर्भार बाई असो, नाहीतर काठी टेकत आलेले आबा असोत, पहिला प्रश्न तोच. समोरचा "नाही" म्हणाला की यांची मान अशी हलायची, जणू खरा आजार सापडला. मला म्हणाले, "गोळ्या देतो, पण त्या तुमच्या समाधानासाठी. औषध बारामतीलाच आहे. उद्या सकाळी सहा वाजता."

माणूस दिसायला अगदीच बेताचा. बुटके, काटक, कान डोक्याच्या मानानं मोठे. रोज पहाटे भवानीनगरहून गाडी हाकत बारामतीच्या तलावावर यायचे, दोन तास पाण्यात आणि पाण्याच्या काठावर घालवून दहाच्या आत दवाखाना उघडायचे. डोळ्यांभोवती गॉगलचे लाल वळ तसेच असायचे. नव्यानं आलेल्या पेशंटला वाटायचं, डॉक्टर आत्ताच रडून आलेत. जुने पेशंट त्याला समजावायचे, "रडत न्हाईत, पवतेत."

दवाखान्यात सलाइन लावायचा एक जुना स्टँड होता. त्याच्या आकड्यांना डॉक्टरांनी आपली पदकं अडकवली होती. प्रौढांच्या जलतरण स्पर्धांमधली, कुठकुठल्या शहरांतली. पदकं बरीच होती, पण त्यांचा अभिमान त्यांना नव्हता. त्यांचा जीव होता एका कळकट डायरीत. तिच्यात प्रत्येक शर्यतीची वेळ लिहिलेली असायची. पोहायचे ते नेहमी ब्रेस्टस्ट्रोक, ज्याला आमच्याकडे सरळ बेडूक म्हणतात. एकदा आम्ही बॅचचे सातआठजण त्यांच्याबरोबर स्पर्धेला गेलो होतो. सत्तरीच्या पुढच्या गटात ते एकटेच होते. अधिकारी प्रेमानं म्हणाला, "काका, तुम्ही फक्त पूर्ण करा, सुवर्ण तुमचंच आहे." डॉक्टर भडकले. "पदक ठेवा तुमच्याकडे. घड्याळ नीट लावा. मी किती मंद झालो ते कळायला एवढ्या लांब आलोय." पोहून झाल्यावर आकडा ऐकला, डायरीत लिहिला, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "मंद झालो. पण अंदाजाप्रमाणे झालो." पदक तिथंच विसरले. ते वत्सलानं आठवणीनं उचलून आणलं.

वत्सलाबद्दल आता सांगते, कारण तिच्याशिवाय डॉक्टर पुरे होत नाहीत. कळस गावची. डाळिंबाची बाग, बागेच्या वरच्या अंगाला शेततळं. नवरा पुण्यात नोकरीला, सुट्टीला येणारा. बाग सांभाळायची ही आणि हिचा धाकटा दीर दत्तू. विधवा आई, अनसाबाई, लेकीकडेच राहायची. दीर-भावजय एकाच मोटारसायकलवर अंधारात निघून पोहायला बारामतीला यायची. सुरुवातीला गावात लोक बोलले. वत्सला म्हणायची, "बोलू देत. त्यास्नी पवता येत न्हाय म्हणून बोलत्यात." तिचं हसणं तलावाच्या पत्र्यावर आपटून परत यायचं. पोहायलाही ती आमच्यात सगळ्यांत चांगली. त्याच स्पर्धेत तिला फ्रीस्टाइलचं ब्राँझ मिळालं. घरी गेल्यावर आईनं पदक हातात घेऊन विचारलं होतं, "येवढ्या लांब जाऊन तिसरी आलीस व्हय?"

डॉक्टर मोठ्या माणसांनाच का शिकवतात, हे मी एकदा विचारलं होतं. तरुणपणी ते सरकारी दवाखान्यात होते आणि बुडालेल्यांची पोस्टमॉर्टेम त्यांच्याकडे यायची. विहिरीतली, कालव्यातली. म्हणाले, "पोरांना शिकवायला सगळे तयार असतात. पोर पाण्यात पडलं की उडी बाप मारतो, आई मारते. त्यांना येत नसतं. मग माझ्या टेबलावर दोघं येतात." एवढंच बोलले, आणि लगेच मला दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. पुन्हा तो विषय काढायची माझी छाती झाली नाही.

त्यांचे नियम विचित्र होते. महिन्यातून एक शनिवार अंगावरच्या कपड्यांत पोहायचं. पुरुषांनी पँट-शर्टात, बायकांनी साडीत. "कालव्यात पडताना कोणी कपडे बदलून पडत नाही," हे त्यावरचं उत्तर. शेततळं असलेल्या प्रत्येकानं तळ्यात गाठी मारलेला दोर कायमचा सोडून ठेवायचा. शेततळ्याला खाली काळा प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं. आत पडलेला माणूस कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी त्या उतारावरून वर चढू शकत नाही. नखं लागत नाहीत, पाय टिकत नाही. कोणी आपल्या पोहण्याची फुशारकी मारली की डॉक्टर म्हणत, "पाणी ओळख ठेवत नाही बरं का." बॅचमधले कारखान्याचे एक क्लार्क हे वाक्य त्यांच्या पाठीमागे नाक चोंदल्यासारखं म्हणून दाखवत, आणि आम्ही हसत असू.

आणि शेवटची दहा मिनिटं. पोहणं संपलं की ओल्या अंगानं काठावरच्या फरशीवर बसायचं आणि बुडालेल्याला श्वास द्यायचा सराव करायचा. एकानं बुडालेलं व्हायचं, दुसऱ्यानं त्याची हनुवटी वर करायची, नाक चिमटीत धरायचं, तोंडावर पातळ रुमाल टाकून तोंडानं फुंकायचं आणि छाती वर येते का ते बघायचं. त्यांच्याकडे रबरी बाहुलीही होती. पण तिच्यावर नुसती सुरुवात. डॉक्टर म्हणायचे, "बाहुलीची कोणाला लाज वाटत नाही. माणसाची वाटते. सराव लाजेचाच करायचाय."

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, इलाज नाही. पहिल्या दिवसांत हा सराव सरमिसळ चालायचा. जो शेजारी बसेल तो जोडीदार. एका सकाळी एका नर्सबाईंच्या शेजारी तेच क्लार्क आले आणि सगळीकडे खुसखुस सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दोन बायका आल्या नाहीत. बायकांनी मला पुढं केलं, कारण मी शिक्षिका, मला बोलता येतं. मी डॉक्टरांना म्हणाले, "पुरुषांनी पुरुषांवर करावं, बायकांनी बायकांवर. नाहीतर बायका यायच्या बंद होतील." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "असं केलं तर येतील सगळ्या?"

"येतील."

"बरं. मग तसं करू."

अर्ध्या मिनिटात विषय मिटला. मी बायकांकडे विजयी मुद्रेनं परत आले. नंतर बायकांची बॅच खरंच वाढली. पुरुषांकडे दत्तू इतका तयार झाला, की नवा माणूस आला की डॉक्टर दत्तूलाच दाखवायला सांगत. दत्तू बोलायला लाजाळू, पण हात नेमके. हनुवटी, नाक, श्वास. एकदाही चुकायचा नाही.

तो दिवस उन्हाळ्यातला. शाळेची वार्षिक परीक्षा संपली होती आणि मी दुपारी दवाखान्यात रक्तदाब दाखवायला बसले होते. डॉक्टरांचा फोन वाजला. ते नुसतं "किती वेळ झाला?" म्हणाले, मग "श्वास दे, दत्तू, मी निघालो," म्हणाले आणि माझ्या दंडावरचा पट्टा तसाच ठेवून उठले. पट्टा सोडत मी गाडीत बसले. कळसला पोचायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली.

मोटारीच्या पाइपाला शेवाळ अडकलं होतं, ते काढायला वत्सला तळ्यात उतरली होती. दर उन्हाळ्यात ती हे करायची. दोर त्या दिवशी नव्हता. सकाळी कडब्याची ट्रॉली बांधायला नेला तो परत लावायचा राहिला होता. काम झालं आणि तिला वर येता येईना. किती वेळ ती पोहत राहिली कोण जाणे. दत्तूनं ओरडणं ऐकलं तेव्हा तो बागेच्या दुसऱ्या टोकाला होता. धावत येऊन त्यानं पाइपाला धरून उडी मारली आणि लोकांच्या मदतीनं तिला वर काढली.

आम्ही पोचलो तेव्हा बांधावर दहाबारा पुरुष उभे होते आणि वत्सला गळ्यापर्यंत मिठात पुरलेली होती. मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं आणि बुडालेला माणूस जिवंत होतो, असं कोणीतरी मोबाइलवर पाहिलं होतं. दुकानातून खड्या मिठाची पोती आणून तिच्या अंगावर ओतली होती. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी ते मीठ उपसलं. एवढ्या मोठ्यानं त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "काढा हे! काढा!" मग ते गुडघ्यांवर बसले. वय सत्तरीच्या पुढं, ऊन हे एवढं. श्वास देत होते, छाती दाबत होते, पुन्हा श्वास देत होते. मिठानं त्यांचे ओठ फुटले आणि रक्त यायला लागलं. त्यांनी थांबावं असं सगळ्यांना कळत होतं, म्हणायला कोणी धजत नव्हतं. शेवटी ते आपले आपणच थांबले.

दत्तू चिखलानं भरलेला, बाजूला उभा होता. डॉक्टरांनी बसल्या बसल्या विचारलं, "वर काढली तेव्हा नाडी होती?"

"व्हती. बारीक लागत व्हती."

"श्वास दिलास?"

दत्तू हातांवरचा चिखल खरवडू लागला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "वैनी हाय ती माझी. समदी बगत व्हती. बायकूला बोलवाय मानूस धाडला व्हता म्या, तिच्याकडनं करून घ्याया, ती रानात गेल्ती." मग, तक्रार म्हणून नव्हे, जे आहे ते सांगावं तसं म्हणाला, "डाक्टर, तुमी बाप्यांवर शिकिवलं. बायांवर न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते आणि माझ्या हातात त्यांची बॅग होती. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

तेवढ्यात घराकडून अनसाबाईंना दोन बायका धरून घेऊन आल्या. म्हातारी लेकीपाशी बसली, तिच्या केसांतलं मीठ बोटांनी काढत राहिली. मग डॉक्टरांकडे वळून विचारलं, "डाक्टर, काय करायचं ऱ्हायलं का हो?"

डॉक्टर म्हणाले, "नाही मावशी. सगळं केलं."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. पेशंटला त्याच्या तोंडावर "तुम्ही फार दिवस काढणार नाही, पोरांना बोलावून घ्या" म्हणणारा हा माणूस. तिथं मात्र खोटं बोलला.

तेराव्यानंतरच्या सोमवारी तलावावर डॉक्टरांनी सगळ्यांना उभं केलं. म्हणाले, "शेवटची दहा मिनिटं आजपासून पहिल्यासारखी. पुरुषांनी बायकांवर, बायकांनी पुरुषांवर. ज्याला लाज वाटते त्यानं आधी माझ्यावर करायचं." आणि फरशीवर उताणे पडले, तोंडावर रुमाल घेऊन. कोणी पुढं झालं नाही. बराच वेळ ते तसे पडून होते. मग एकेकजण टॉवेल गुंडाळून कपडे बदलायला गेला. मीही गेले.

दुसऱ्या आठवड्यात बायकांची बॅच निम्मी झाली. महिन्याभरात संपली. मग गावात बोलणं सुरू झालं. या वयात डॉक्टरला हे काय सुचलं, बायकांना तोंड लावायला सांगतो, डोक्यावर परिणाम झालाय, काहीजण तर याच्याही पुढचं बोलले. तलाव ज्या मंडळाचा होता त्यांच्याकडे कोणीतरी लेखी तक्रार दिली. तक्रारीवर मी सही करावी म्हणून दोघंजण माझ्या घरी आले होते. मी सही केली नाही. पण मंडळाच्या लोकांना जाऊन भेटलेही नाही, खरं काय ते सांगितलं नाही. मंडळानं डॉक्टरांचा सत्कार केला, शाल दिली, आता विश्रांती घ्या म्हणाले आणि तलावाची किल्ली परत मागितली. त्या सत्काराला मी टाळ्या वाजवल्या, ही गोष्ट मला अजून खाते.

त्यांना विश्रांती माहीतच नव्हती. ते कळसला जायला लागले. आठवड्यातून दोनदा, वत्सलाच्याच तळ्यात पोहायला. दत्तूनं पोहणं सोडलं होतं. पण डॉक्टर यायच्या आधी तो दोर लावून ठेवायचा, प्रत्येक गाठ ओढून बघायचा आणि डॉक्टर पाण्यात असेपर्यंत दोराचं टोक मनगटाला गुंडाळून काठावर बसून राहायचा. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. पोहून झालं की अनसाबाई चहा पाठवायची. कधी स्वतः घेऊन यायची आणि कप हातात देताना हटकून विचारायची, "समदं केलं न्हवं का आपन?" डॉक्टर म्हणायचे, "हो मावशी." हे मला पुढं डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणाले, "बाई, तो चहा मला गिळवत नाही."

त्या वर्षीही ते स्पर्धेला गेले, एकटेच. परत आल्यावर मला डायरी दाखवली. नेहमीपेक्षा बरेच मंद. "अंदाज चुकला या वेळी," म्हणाले आणि पेनाचं टोपण लावत बसले.

रविवारी ते गावोगाव जायचे. सकाळी दूध घालायला लोक जमतात तिथं, डेअरीच्या समोर, ताडपत्री अंथरायची आणि तिच्यावर आडवं व्हायचं. पणदऱ्याला एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले होते. मी नुसती उभी. लोक कॅन हातात घेऊन गोल करून बघत होते. एकदोन पुरुषांनी हसत हसत करून पाहिलं. बायकांना ते म्हणाले, "एकीनं तरी या." बायका पदर तोंडाला लावून मागं सरकल्या. एक तरणाताठा माणूस बायकोचा हात ओढून म्हणाला, "चल गं. म्हाताऱ्याला लाज न्हाय काडीची."

डॉक्टर पडल्या पडल्या म्हणाले, "नाही ना. म्हणूनच आलोय."

लोक हसले. मीही हसले. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि पहिल्यांदाच विचारलं, "बाई, तुम्ही?" माझे काही विद्यार्थी त्या गावचे, त्यांचे आईबाप गर्दीत उभे होते. मी म्हणाले, "डॉक्टर, पुढच्या वेळी." त्यांनी मान पुन्हा सरळ केली. त्या दिवशी ताडपत्री त्यांनी स्वतः घडी केली, मला हात लावू दिला नाही.

वत्सलाच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघं कळसला गेलो. डॉक्टर वाळले होते. हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं, ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं, गोळ्यांवरून कळलं. जेवणं झाली. माणसं पान-सुपारी करत अंगणात मांडवाखाली बसली होती. वत्सलाचा नवरा वाढप्यांचं बघत होता. डॉक्टर उठले आणि त्याला म्हणाले, "मला दहा मिनिटं बोलायचंय." आणि उभ्याउभ्याच बोलायला लागले.

"मागच्या वर्षी तळ्यावर अनसामावशींनी मला विचारलं, काही करायचं राहिलं का. मी म्हणालो, सगळं केलं. ते खोटं होतं. वत्सलाला बाहेर काढली तेव्हा नाडी लागत होती. तिला श्वास द्यायला हवा होता. तो कोणी दिला नाही. दिला असता तर ती वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. वाचण्याची वेळ होती, एवढंच म्हणतो. ज्याला येत होतं त्याला मी अर्धंच शिकवलं होतं. बायका तलावावर येत राहाव्यात म्हणून मी बायका वेगळ्या केल्या, पुरुष वेगळे केले. ती चूक माझी. दुसऱ्या कोणाची नाही."

दत्तूचं नाव त्यांनी घेतलं नाही. माझंही घेतलं नाही. वत्सलाचा नवरा हातातली बादली तशीच धरून उभा होता. दत्तू मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला.

मग डॉक्टरांनी गाडीतून ताडपत्री आणली, मांडवाच्या मधोमध अंथरली, चप्पल काढून ठेवली आणि सावकाश, एक हात जमिनीला टेकत, आडवे झाले. खिशातून रुमाल काढून तोंडावर पसरला. म्हणाले, "ज्याला शिकायचंय त्यानं यावं."

बायकांच्या घोळक्यातून अनसाबाई उठली. तिला उठायला वेळ लागला. कोणीतरी हात द्यायला गेलं, तो तिनं झटकला. ती ताडपत्रीपाशी आली, गुडघे दुमडून त्यांच्या डोक्याशी बसली. पुरुषांकडून कोणीतरी म्हणालं, "मावशे, आगं..." तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सांगा," ती म्हणाली.

"हनुवटी वर करा मावशी. अजून. कपाळाला हात लावा. आता नाक चिमटीत धरा. दीर्घ श्वास घ्या आणि तोंडावर तोंड ठेवून सोडा. सावकाश."

पहिला श्वास गालातून निघून गेला. रुमाल नुसता फडफडला. "तोंड सगळं झाका," डॉक्टर म्हणाले. तिनं पदर खांद्यावर टाकला, पुन्हा वाकली. ती फुंकत असताना डॉक्टरांच्या सदऱ्याची बटणं हळूहळू वर आली. बरगड्या वर आल्या. सगळा मांडव ते बघत होता. मग ती सरळ झाली आणि छाती खाली बसली.

"आसंच?" तिनं विचारलं.

"असंच मावशी."

म्हातारी त्यांच्या छातीकडे बघत राहिली. तिचा एक हात अजून त्यांच्या कपाळावर होता.

"येवढंच व्हतं?"

डॉक्टरांचे डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे उतरत होतं.

"एवढंच," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. बसल्या जागेवरून खांबाकडे वळून म्हणाली, "दत्तू, बायकूला बोलीव. आन् मागनं तू बी ये. तिच्यावर कर, समद्यांच्या म्होरं."

दत्तूची बायको आली. तिच्या मागं वत्सलाची एक चुलत जाऊ उठली. ओळीत मी चौथी होते. डॉक्टर पावसाळ्यात गेले, आणि मधल्या काळात आमची भेट झाली नाही, म्हणून मला ते आठवतात ते तसेच. मांडवात ताडपत्रीवर उताणे, डोळे मिटलेले, अनसाबाईचा हात कपाळावर, पुढच्या माणसाची वाट बघत.